जुनी मांजर घरात असताना नवं पिल्लू आणताय? आधी हॉलच्या फरश्या मोजा

पावसाळा लागला की आमच्या नेरुळमध्ये कुठल्या ना कुठल्या बिल्डिंगच्या पार्किंगमधनं पिल्लाचं ओरडणं ऐकू येतंच, मग कोणीतरी खाली जातं, गाडीखालनं ते भिजलेलं पिल्लू काढतं आणि टॉवेलात गुंडाळून घरी आणतं. घरात मांजर नसेल तर फार प्रश्न नाही. पण घरात आधीच एक मांजर असेल तर त्या पहिल्या दोन तासात तुम्ही काय करता ह्याच्यावर पुढची कित्येक वर्षं त्या दोघांचं कसं राहील हे बरंचसं ठरतं, आणि नेमकं त्याच वेळी आपण घाईत असतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी पहिल्यांदा चुकले होते. तेव्हा आम्ही ठाण्याला वर्तकनगरला राहायचो, चिमी नावाची मांजर होती, सहा वर्षांची. एक पिल्लू मिळालं ते सरळ हॉलमध्ये तिच्यासमोर नेऊन ठेवलं, वाटलं ती आईसारखी चाटेल, जवळ घेईल. चिमी कपाटावर चढली ती दीड दिवस खाली आली नाही, उतरल्यावर आईच्या गादीवर लघवी केली आणि पुढचा महिनाभर ते पिल्लू दिसलं की अंगावर जायची. शेवटी पिल्लू मावसबहिणीकडे दिलं. चिमीचा त्यात काही दोष नव्हता. आता नेरुळला ठकी आहे, पाच वर्षांची, आणि मागच्या जुलैत पेढा नावाचं पिल्लू आलं. ह्यावेळी सगळं पायरीपायरीने केलं, एकोणीस दिवस लागले, आज दोघं एकाच खिडकीत बसतात.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं सवत आणलीस की तिच्यावर." बऱ्याच जणांना असंच वाटतं की जुनी मांजर जळते, रुसते. तसं नसतं. मांजरासाठी घर म्हणजे तिचा इलाका, आणि त्या इलाक्याला तिचा स्वतःचा वास असतो, सोफ्याच्या कोपऱ्याला, दाराच्या कडेला, तुमच्या पायाला ती गाल घासते तो वास. त्यात एकदम परका वास आणि परकं जनावर घुसलं की ती घाबरते. रुसलेल्याला समजावता येतं, घाबरलेल्याला वेळच द्यावा लागतो, त्यामुळे इथनं पुढे जे सांगतेय ते सगळं जुनीच्या भीतीच्या हिशोबाने आहे, पिल्लाच्या नाही. पिल्लू दोन दिवसात रुळतं.

पिल्लू उचलायच्या आधी

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात त्यात तथ्य आहे. पाणी शिरलं, कुत्रं आलं, माणसांची ये-जा वाढली की ती एकेक पिल्लू मानगुटीला धरून दुसरीकडे नेते, आणि त्यात एखादं काही वेळ एकटं मागे राहतं. पिल्लू कोरडं आहे, पोट गोल आहे, गप झोपलंय तर तासदोन तास लांबनं लक्ष ठेवा, आई बहुतेक येते. भिजलंय, गार पडलंय, सारखं ओरडतंय किंवा रस्त्याच्या कडेला आहे तर वाट बघू नका.

वय किती ते बघा. डोळे अजून निळेच असतील तर साधारण सहा-सात आठवड्यांच्या आतलं. किचनमधल्या वजनकाट्यावर एका डब्यात बसवून वजन करा, महिन्याचं पिल्लू साधारण ४५० ग्रॅम भरतं आणि दोन महिन्यांचं ९०० च्या आसपास. चार आठवड्यांपेक्षा लहान असेल तर ओळखबिळख नंतर, आधी ते जगवायचंय. गार पिल्लाला आधी ऊब द्यायची, मगच दूध, आणि गायीचं किंवा पिशवीतलं दूध नाही, पिल्लांची मिल्क पावडर मिळते ती. हे डॉक्टरला विचारूनच करा.

आणखी एक, केशरी पिल्लू बहुतेक वेळा बोका निघतो आणि तीन रंगांचं जवळजवळ नेहमी मादी. हे कशाला सांगतेय, तर तुमच्या घरात नसबंदीचं ऑपरेशन न झालेला बोका असेल आणि तुम्ही मादी पिल्लू आणलंत तर ती चार महिन्यांतसुद्धा माजावर येऊ शकते आणि त्यानंतर नऊ आठवड्यांत घरात अजून पिल्लं. जुन्या मांजराचं ऑपरेशन झालेलं नसेल तर ते आधी उरका, त्याने मारामाऱ्या आणि लघवीचे फवारे दोन्ही पुष्कळ कमी होतात.

आणि तुमची मांजर बारा-चौदा वर्षांची असेल, सांधे दुखत असतील, दिवसभर झोपून असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की तिच्या डोक्यावर एक उड्या मारणारं पिल्लू आणून बसवू नका. त्या पिल्लासाठी दुसरं चांगलं घर शोधा.

घरी जायच्या आधी डॉक्टर

पूर्वी इकडनं लोक जनावर घेऊन परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत जायचे, आता ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, जवळपास क्लिनिक मिळतं, त्यामुळे "उद्या नेऊ" असं करू नका.

सगळ्यात जास्त भीती पॅनल्युकोपेनियाची, हा मांजरांचा व्हायरसने होणारा आजार. उलट्या, जुलाब, ताप, आणि लहान पिल्लू दोनतीन दिवसात जातं. हा व्हायरस इतका चिवट आहे की घरात, कपड्यांवर, भांड्यांवर वर्षभरसुद्धा टिकू शकतो. म्हणून पिल्लू आणायच्या आधी जुनीचं लसीचं कार्ड काढून बघा. जी तिहेरी लस असते, जिला सगळे ट्रायकॅट म्हणतात, त्यात हा एक आणि सर्दीचे दोन व्हायरस येतात. पिल्लाला ती सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात, दर तीनचार आठवड्यांनी पुढचा डोस, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची बारा आठवडे झाल्यावर. पहिला डोस दिला म्हणजे झालं असं नसतं, आणि पिल्लू वरनं ठणठणीत दिसलं तरी आत आजार शिजत असू शकतो, म्हणून पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं ते फक्त ओळखीसाठी नाही, ह्याच्यासाठीही आहे.

रक्ताच्या थेंबावर एफआयव्ही (माणसाच्या एचआयव्हीसारखा मांजरांचा व्हायरस) आणि ल्युकेमियाच्या व्हायरसची टेस्ट होते, ती करून घ्या. अगदी लहान पिल्लात एफआयव्ही पॉझिटिव्ह आलं तर लगेच रडत बसू नका, आईच्या अँटिबॉडीजमुळेही तसं येतं, पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर परत करायला सांगतात.

कान बघायला सांगा, आत कॉफी पावडरसारखी काळी घाण असेल तर किडे आहेत. अंगावर गोल टक्कल पडलेला डाग असेल तर गजकर्ण असू शकतं आणि ते तुम्हाला आणि घरातल्या पोरांनाही होतं. पिसवांचं औषध डॉक्टरने दिलेलंच, वयाप्रमाणे. कुत्र्याचं उरलेलं औषध अजिबात लावायचं नाही, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर झटके येऊन मरू शकते. तसंच ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा देणारे लोक आहेत, एका गोळीतसुद्धा मांजराचा जीव जाऊ शकतो.

अजून एक आपल्या घराघरातली गोष्ट म्हणजे फिनाईल. मांजराचं लिव्हर फिनॉलसारखी केमिकल्स नीट पचवू शकत नाही, ती ओल्या फरशीवरनं चालते आणि मग पंजे चाटते. पिल्लाच्या खोलीत तरी फिनाईलने पुसणं बंद करा, आमच्याकडे कामाच्या ताईंना मी बाटलीच दुसरी आणून दिली. जंतूंचीच भीती असेल तर साधं ब्लीच, एका भागाला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून मग साध्या पाण्याने पुसून खोली पूर्ण वाळू द्यायची, तोवर पिल्लू आत नको.

पिल्लाची खोली

वन बीएचके असेल तर बेडरूम पिल्लाची, हॉल-किचन जुनीचं. पण जुनी रोज बेडरूममध्येच झोपत असेल तर उलटा विचार करा, तिची जागा काढून घेतलीत तर पहिल्याच दिवशी भांडण तुम्ही लावून दिलंत. वन आरके असेल तर मोठा पिंजरा घ्या आणि तीन बाजूंनी चादर टाका.

खोलीत काय लागतं तर पाणी, खाणं, एक पुठ्ठ्याचा खोका लपायला, अंथरूण आणि लिटर. लिटरसाठी महागडा ट्रे नको, हार्डवेअरच्या दुकानातलं प्लॅस्टिकचं घमेलं घ्या, कडा बुटकी असते, पिल्लाला चढता येतं. खाण्यापासून लांब कोपऱ्यात ठेवा. अगदी लहान पिल्लं लिटर चाखून बघतात, म्हणून सुरुवातीला ओलं झाल्यावर गोळा बनणारी माती नको, लाकडाच्या किंवा कागदाच्या दाण्यांचं लिटर घ्या. पुढे दोघं मोकळी फिरायला लागली की दोन मांजरांना तीन घमेली हा हिशोब ठेवा, आणि तीन एका ओळीत नाही, वेगवेगळ्या जागी, नाहीतर एक मांजर वाट अडवून बसते आणि दुसरी तुंबून राहते.

बेडरूममध्ये हायड्रॉलिक बेड असेल तर त्याच्या आत पिल्लू गेलंय का ते बघितल्याशिवाय बेड खाली करू नका. वॉशिंग मशीन लावायच्या आधी आत हात फिरवा. बाल्कनीला कबुतरांची नायलॉनची जाळी असते तिच्यावर विसंबू नका, मांजर ती चावून भोक पाडते आणि उन्हापावसाने ती आधीच कुजलेली असते, एकदा सगळ्या कडांनी ओढून बघा.

पिल्लू आणताना जुनीला किचनमध्ये खायला द्या आणि तेवढ्यात कॅरिअर सरळ बेडरूममध्ये न्या. दाराच्या खालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी घाला. पिल्लाला हाताळून आलात की हात धुवा, आणि मी तर गाऊनसुद्धा बदलायचे, बेडरूमचा एक गाऊन दारामागे टांगलेला असायचा, आत जाताना तो घालायचा, बाहेर येताना काढायचा. पहिले चारपाच दिवस तरी करा, आजाराच्याही दृष्टीने आणि वासाच्याही.

बाहेर आल्यावर आधी ठकीशी बोलायचं, तिला खायला आधी, तिच्याशी खेळणं रोजच्या वेळेला. आई तर मुद्दाम तिच्याशेजारी बसून भाजी निवडायची, नेहमीसारखी. जुनीचा दिनक्रम जितका जसाच्या तसा राहील तितकं बरं.

वासाची ओळख

मांजराच्या गालात, हनुवटीखाली, कपाळावर वासाच्या ग्रंथी असतात. धुतलेला सुती मोजा हातात घाला, पिल्लाच्या गालावरनं आणि कानामागनं हलकेच फिरवा, आणि तो मोजा हॉलमध्ये जमिनीवर ठेवून द्या. जुनीच्या अंथरुणावर नाही, ताटलीजवळ नाही, नाकासमोर तर अजिबात नाही. ती आपणहून येईल. दुसरा मोजा जुनीच्या गालावरनं फिरवून पिल्लाला द्या.

ठकीने पहिल्या दिवशी मोजा लांबनं हुंगला, तोंड अर्धवट उघडं ठेवून तशीच थिजली, मग फिस्कारून निघून गेली. ते तोंड उघडं ठेवणं बघून लोक घाबरतात, काही नाही ते, मांजराला टाळूत वास घ्यायचं वेगळं इंद्रिय असतं, त्याच्याने ती वास तपासते. मोज्यावर फिस्कारणं चांगलंच की, मोजाच आहे, त्याला काय लागणार आहे. रोज ताजा वास, रोज थोडं खाणं मोज्यापासून दोनतीन फुटांवर. चौथ्या दिवशी ती मोज्याला ओलांडून पाणी प्यायला गेली, वळूनसुद्धा बघितलं नाही, तेव्हा मी पुढच्या पायरीवर आले.

मधे मधे खोल्यांची अदलाबदलही करायची, पिल्लाला वीस मिनिटं बाथरूममध्ये ठेवून जुनीला बेडरूम हुंगू द्यायची, आणि उलट. पण हे डॉक्टरने पिल्लाची तब्येत ठीक आहे सांगितल्यावरच.

फरश्यांचा हिशोब

लोक विचारतात किती दिवस लागतात. मी म्हणते कॅलेंडर बघू नका, ताटली बघा.

आमच्या हॉलला दोन बाय दोन फुटांच्या फरश्या आहेत. बेडरूमच्या बंद दारापासून किचनच्या उंबऱ्यापर्यंत मोजून सहा. पहिल्या दिवशी ठकीची ताटली सहाव्या फरशीवर, म्हणजे दारापासून पार लांब, आणि त्याच वेळी दाराच्या आत पेढ्याची ताटली दारापासून चार फुटांवर. दोघांना एकाच वेळी खायला. बंद दार मधे, दिसत काहीच नाही, फक्त वास आणि मचमच आवाज. मांजराच्या डोक्यात हे बसायला हवं की तो वास आला की काहीतरी चांगलं खायला मिळतं.

ह्यासाठी दिवसभर वाटीत कोरडं खाणं भरून ठेवायची सवय असेल तर ती बंद करावी लागेल. वेळेवर जेवण, सकाळ-संध्याकाळ, पिल्लाला मधे अजून दोनतीनदा. पोट भरलेली मांजर दाराशी कशाला येईल? आणि दाराजवळच्या ताटलीत काहीतरी खास हवं. मी मासेवाल्या मावशींकडनं एक बांगडा जास्तीचा घ्यायचे, नुसत्या पाण्यात उकडायचा, मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर मांजराला विषच, सगळे काटे बोटांनी चाचपून काढायचे आणि जेवणावर चमचाभर घालायचा. तो बांगडा फक्त दाराशी, एरवी नाही.

आता ताटली पुढे कधी सरकवायची ते. ठकी जेवताना कशी उभी आहे हे मी रोज जमिनीवर बसून बघायचे. पहिल्या दिवशी ती पुढचे पाय ताटलीपर्यंत आणायची, मान लांब करायची आणि मागचे पाय मात्र मागच्याच फरशीवर, अंग रबरासारखं ताणलेलं, म्हणजे काही झालं तर त्याच पावली मागे पळायची तयारी. एक घास, मग दाराकडे बघायचं, एक घास, परत दाराकडे. खाल्लं सगळं, पण असं. तिसऱ्या जेवणाला मागचे पाय आले पण ती उभीच होती. पाचव्या जेवणाला ती बसली, शेपटी पंजांभोवती गुंडाळून घेतली आणि खाली मान घालून खाल्लं. त्यानंतरच्या जेवणाला ताटली पाचव्या फरशीवर गेली.

तर हिशोब असा: बसून खाल्लं तर पुढच्या वेळी एक फरशी पुढे, उभ्याने किंवा ताणून खाल्लं तर तिथेच, आणि अर्धवट सोडून गेली तर एक फरशी मागे आणि निदान दोन जेवणं तिथेच काढायची. एका दिवसात एकपेक्षा जास्त फरशी पुढे जायचं नाही, कितीही बरं चाललं असलं तरी.

चौथ्या फरशीवर असताना वाऱ्याने बाल्कनीचं दार धाडकन आपटलं, ठकी ताटली टाकून पळाली आणि मग चारच्या जवळसुद्धा येईना. आवाजाचा पिल्लाशी काही संबंध नव्हता पण तिच्या डोक्यात दोन्ही एकत्र बसलं. सहाव्यावर परत गेले, तीन दिवस गेले त्यात. गेले तर गेले. त्या दिवसापासून जेवणाच्या वेळी मिक्सर बंद, टीव्ही बंद, बेल वाजली तर आई आधीच दारात उभी.

शेवटच्या फरशीवर, म्हणजे दाराला लागूनच, दोघं दोन बाजूंनी बसून खायला लागली. पेढ्याने फटीतनं एक पंजा बाहेर काढला. ठकीने खाणं थांबवलं, पंजा हुंगला, आणि परत खायला लागली. मी हललेसुद्धा नाही जागची.

जाळीतनं बघणं

आता दिसायला द्यायचं, पण मधे आड हवा. मच्छरांसाठी दाराला वेल्क्रोची जाळी मिळते ती चालते, पण पिल्लू चढून ती फाडतं, त्यामुळे मी कपडे वाळत घालायचा स्टँड दारात आडवा लावला आणि त्याला जाळी दुहेरी करून दोरीने घट्ट बांधली. त्याच्यावर चादर टाकून ठेवायची, जेवायच्या वेळी खालनं वीतभर वर करायची.

दिसायला लागलं की ताटल्या परत मागे न्यायच्या, हे बरेच जण विसरतात. वासाला सरावलेली मांजर डोळ्यांनी बघितल्यावर नव्याने दचकते. आम्ही तिसऱ्या फरशीवर गेलो आणि तिथनं परत एकेक करत आलो, ह्यावेळी पटपट, चार दिवसात.

फिस्कारलं तर फिस्कारू दे. तो तिचा "जवळ येऊ नको" म्हणायचा सभ्य प्रकार आहे, त्याच्यावर ओरडलात किंवा पाणी उडवलंत तर पिल्लू दिसलं की माझ्यावर ओरडतात एवढंच ती शिकेल. काळजी कशाची करायची, तर डोळे रोखून एकटक बघत राहणं, कान मागे चपटे, अंग जमिनीला चिकटवून सरकत पुढे येणं, घशातनं लांबलचक ओरडणं. असं झालं की चादर खाली. हातात उचलू नका, तुमचाच हात फाडेल.

एका खोलीत

पिल्लाला आधी दमवायचं. काठीला पीस बांधलेलं असतं त्याने पंधरा मिनिटं पळवा, मग खायला द्या, मग दार उघडा. पीस आणि दोरी नंतर कपाटात टाका, दोरी गिळली तर आतड्यात अडकते.

जुनीला चढायला उंच जागा हवी जिथे पिल्लू पोचत नाही. ठकीला आम्ही फ्रिजवर जुनी घडी केलेली गोधडी ठेवली आणि बाजूला स्टूल. पहिल्या दिवशी ती सगळा वेळ फ्रिजवर होती, वरनं बघत. पाच मिनिटं, बस, पेढा परत आत. दुसऱ्या दिवशी दहा. सगळं छान चाललंय तेव्हाच थांबायचं, बिघडेपर्यंत ताणायचं नाही. जवळ एक मोठा पुठ्ठा ठेवा, गरज पडली तर दोघांच्या मधे सरकवायला.

पेढा तिच्या शेपटीवर झेपावला आणि ठकीने एक चापट दिली, नखं आत ठेवून. ते बरोबर आहे, आई असती तर तिनेही दिली असती. खेळ असेल तर फार आवाज नसतो, आळीपाळीने एक वर एक खाली, मधेच थांबतात, परत सुरू. भांडण असेल तर किंचाळणं, केस उडणं, आणि नंतर एक जण लपून बसतो. पिल्लू सारखं मागे लागतंय आणि जुनी सारखी पळतेय हेही चांगलं नाही, तेव्हा पिल्लाला दिवसातनं आणखी दोनदा तुम्ही खेळवा.

घरात कोणी नसताना आणि रात्री दोघांना वेगळंच ठेवायचं. ओळीने दोनेक आठवडे एकही मारामारी नाही, दोघं खातायत, आपापलं घमेलं वापरतायत, मग एकत्र सोडा. आणि पिल्लाचं खाणं जुनी खाणार नाही हे बघा, त्यात कॅलरी जास्त असतात, दोन महिन्यात ती ड्रम होते.

मधेच अडलं तर

जुनीने चोवीस तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन, दोन दिवस थांबूच नका, जाड मांजर उपाशी राहिली की लिव्हरवर चरबी चढते आणि ते जिवावर बेततं. बोका असेल आणि सारखा घमेल्यात बसून जोर करतोय, एखादाच थेंब येतोय किंवा काहीच नाही, तर त्याला बद्धकोष्ठ समजू नका, टेन्शनने बोक्यांची लघवी अडकते आणि त्याच दिवशी नेलं नाही तर जीव जातो. रात्र असेल तर रात्री न्या.

बाहेर लघवी केली तर तो सूड नाही, भीती आहे. एन्झाइमवाला क्लीनर मिळतो त्याने पुसा, साध्या साबणाने आपल्याला वास जातो, तिला येत राहतो. भिंतीतल्या प्लगला लावायचे फेरोमोनचे, म्हणजे मांजरांच्या गालातल्या वासासारखा वास सोडणारे डिफ्युझर मिळतात, महाग आहेत, काही मांजरांना उपयोग होतो, पण ते लावलं म्हणून फरश्या गाळून चालत नाही.

रक्त निघेपर्यंत मारामारी झाली तर दोघांना दोनतीन दिवस पूर्ण तोडा, एकमेकांना दिसूही देऊ नका, आणि सहाव्या फरशीपासून परत. 

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. पेढा पाच महिन्यांचा झाल्यावर ऑपरेशनला नेला, संध्याकाळी घरी आणला, आणि ज्या ठकीच्या कुशीत तो सकाळी झोपला होता ती त्याला बघून फिस्कारली, शेपटी फुगवून सोफ्यामागे. त्याच्या अंगाला क्लिनिकचा, स्पिरिटचा, औषधांचा वास होता, तिच्या लेखी तो दुसराच कोणीतरी. दोन मांजरांपैकी एक डॉक्टरकडनं आलं की हे बऱ्याच घरांत होतं. त्या रात्री त्याला बेडरूममध्ये ठेवला, दार लावलं, दोघं झोपायचे ती जुनी गोधडी त्याच्या खाली घातली. सकाळी बांगडा उकडला आणि ठकीची ताटली तिसऱ्या फरशीवर ठेवली. बसून खाल्लं तिने. दुपारी दार उघडलं.